जुन्या जाहिरातीच्या पाट्या जमवताय? कंडिशन कशी पाहायची, काय घ्यायचं, काय सोडायचं

नागपुरात जुन्या जाहिरातीच्या पाट्या अजून मिळतात. इतवारी, महाल, गांधीबाग, कामठी या भागांत जुनी दुकानं आणि वाडे पाडून नव्या इमारती उभ्या राहताहेत. दारं, कपाटं, फळ्या यांच्याबरोबर चहा, साबण, विडी, टायर, रेडिओ यांच्या पाट्याही कबाड्याकडे जातात. नव्याने हा नाद लागलेली मंडळी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : टवके उडालेली, गंज चढलेली पाटी घ्यावी की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. पाटी किती खराब झाली, याला मी दुय्यम मानतो. ती कुठे खराब झाली आहे आणि त्यावर नंतर कोणी हात चालवला आहे का, हे आधी पाहायचं. या दोन गोष्टी कळायला लागल्या की अर्धी फसवणूक टळते आणि इतरांनी टाकून दिलेल्या पाट्यांतलं सोनं दिसायला लागतं. खाली सगळं क्रमाने लिहितो.

१. आधी पाटी कशाची आहे ते ओळखा

कंडिशनचे नियम पाटीच्या जातीप्रमाणे बदलतात. ढोबळमानाने तीन जाती तुमच्या हाती लागतील.

इनॅमलची पाटी : लोखंडी किंवा पोलादी पत्र्यावर काचेची बारीक भुकटी चढवून ती भट्टीत साधारण ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात. काच वितळते आणि पत्र्याला घट्ट धरून बसते. खाली गडद रंगाचा अस्तराचा थर, त्यावर एकेक रंगाचे थर. म्हणून चांगल्या जुन्या पाटीवर डोळे मिटून बोट फिरवलं तर अक्षराची कड हाताला लागते. हा रंग म्हणजे काचच असल्यामुळे उन्हाने सहसा उडत नाही. पण काच असल्यामुळेच ठोका बसला की टवका उडतो. ब्रिटिश अमलात अशा कितीतरी पाट्या इंग्लंडातून तयार होऊन येत.

छापील पत्रा : पातळ पत्र्यावर शाईने छापलेली, दुकानाच्या आत लावायची पाटी. टवके उडत नाहीत. चरे पडतात, रंग विटतो, पोचे येतात. उन्हात राहिलेल्या पाटीतला लाल आणि पिवळा आधी जातो आणि निळा-काळा उरतो.

पेंटरने रंगवलेली : पत्र्यावर किंवा लाकडी फळीवर ऑइल पेंटने लिहिलेली. रंगाला भेगा जातात, पोपडे धरतात. अशी प्रत्येक पाटी एकुलती एक असते, म्हणून तिच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त सूट देतो.

इनॅमलच्या पाटीत रंग विटलेला दिसला तर संशय घ्या. छापील पत्र्यात तो दिसला तर ते वयाचं लक्षण समजा.

२. पिशवीत काय हवं

- कोरडं सुती फडकं आणि पाण्याची छोटी बाटली
- लहानसं लोहचुंबक
- नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च, शिवाय साधा टॉर्च
- मापाची टेप
- भिंग (दहापट असलं तर उत्तम, पण साधंही चालेल)
- जाड हातमोजे. गंजक्या पत्र्याची कड हात कापते
- दोन जाड पुठ्ठे, जुनी चादर आणि सुतळी, पाटी घरी आणण्यासाठी
- वही, पेन आणि पावतीपुरते दोन कोरे कागद

धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या. ही गोष्ट कोणी सांगत नाही, पण कबाड्याच्या गोदामात हात घालणाऱ्याने ती आधी करावी.

३. पाटी बाहेर उजेडात आणा

गोदामातल्या ट्यूबलाइटखाली कुठलीच पाटी विकत घेऊ नका. बाहेर उन्हात आणा आणि तिरपी धरा, म्हणजे ऊन पृष्ठभागावरून घसरत जाईल. समोरून सपाट दिसणारा पोचा तिरप्या उजेडात लगेच सावली टाकतो. नव्याने मारलेला रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो.

इथे एक सापळा आहे. विकणारे पाटी दाखवण्याआधी तिच्यावर तेलाचं बोट फिरवतात. खोबरेल असो की मोहरीचं, विटलेली पाटी तेलाने क्षणात खुलते. म्हणून कोरड्या फडक्याने आधी नीट पुसा, फडकं तेलकट झालं तर समजून जा, आणि पुसल्यानंतर जी दिसेल तीच खरी पाटी धरा. "भाऊ, जुनी आहे, जंग तर लागनच," असं ऐकायला मिळेल. खरंच आहे ते, पण तरी पुसायचंच.

मग पाटी उलटी करा. पुढची बाजू सगळेच पाहतात. मागची बाजू खरं बोलते. मागे सारखा जुना, तपकिरी, हाताला न लागणारा गंज असेल तर चांगलं. मागे चुन्याचे डाग, भिंतीची माती, कोळ्याची जाळी असं काही सापडलं तर आणखी चांगलं, कारण पाटी खरोखर कुठेतरी वर्षानुवर्षं टांगलेली होती. मागच्या बाजूला नवा काळा रंग फासलेला असेल तर का फासला, हे विचारा.

४. टवका कुठे उडालाय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पाटीचे मनातल्या मनात तीन भाग करा : कड, मोकळी जागा आणि मजकूर-चित्र. कडेचे टवके जवळजवळ प्रत्येक जुन्या पाटीला असतात. स्क्रूच्या भोकांभोवतीचे टवके तर असायलाच हवेत, असं म्हटलं तरी चालेल : भिंत खडबडीत, स्क्रू करकचून आवळलेला, त्यात नागपूरचं ऊन आणि हिवाळ्यातली रात्र, पत्रा आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि भोकाभोवती ताण येऊन काच उडते. अशा टवक्यांमुळे पाटीचं आकर्षण फारसं कमी होत नाही.

मोकळ्या जागेतला टवका त्यापेक्षा जास्त खटकतो, विशेषतः पाटी फिक्या रंगाची असेल तर. पांढऱ्यावरचा काळा-तपकिरी डाग खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. गडद निळ्या पाटीवर तेवढाच टवका लपून जातो.

खरा घाव बसतो तो नाव, चेहरा किंवा वस्तूच्या चित्रावर. कामठीच्या एका किराणा दुकानातून निघालेली चहाची पाटी मी पाहिली आहे. गडद निळी जमीन, पांढरी देवनागरी अक्षरं, उजवीकडे वाफाळती कपबशी. कडेने सगळीकडे गंजाची झालर, वरच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग पूर्ण गेलेला. पण अक्षरं शाबूत होती आणि कपावरची वाफेची पांढरी वळणं एकेक मोजता येत होती. तिच्याशेजारीच साबणाची पाटी होती. कड कोरी, रंग झळझळीत, फक्त एक टवका, तोही रुपयाच्या नाण्याएवढा. तो नेमका चित्रातल्या बाईच्या डोळ्यावर होता. मला दोनपैकी एक घ्यायची वेळ आली तर चहाचीच घेईन, कारण साबणाच्या पाटीकडे पाहणाऱ्याची नजर आधी त्या डोळ्यावरच जाणार.

खालच्या कडेकडे मुद्दाम पाहा. पावसाचं पाणी तिथे साठतं, म्हणून ती आधी गंजते. आणि पाटी बनवणाऱ्या कारखान्याचं नाव, गाव बऱ्याचदा तिथेच अगदी बारीक अक्षरांत असतं. खालची पट्टी खाल्ली गेली की ती ओळखही जाते. भिंगातून वाचा, अर्धी अक्षरं उरली असली तरी वहीत लिहून ठेवा.

टवक्याचा रंगही बोलतो. जुना टवका आतून गडद तपकिरी, बोटाला गुळगुळीत, आणि त्याच्या कडा झिजून मऊ झालेल्या असतात. नवा टवका उजळ चमकतो किंवा त्यावर नारिंगी गंजाची पावडर असते. गंज आजूबाजूच्या इनॅमलखाली शिरला असेल तर कडा किंचित वर उचललेल्या दिसतात. तिथून आणखी टवके उडणार हे धरून चाला.

परदेशी लिलावांत पाट्यांना दहापैकी गुण देतात, म्हणजे ८.५ किंवा ६ असे. आकडा पाहायला सोपा वाटतो, पण टवका कडेला आहे की डोळ्यावर, हे तो सांगत नाही. ऑनलाइन घेताय तर आकड्यावर जाऊ नका, चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो मागा.

५. हात मारलेली पाटी ओळखा

टवक्यात पुट्टी भरून वरून गाडीचा रंग मारलेल्या पाट्या बाजारात भरपूर आहेत. काही कामं इतकी सफाईदार असतात की नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. चार परीक्षा करा.

चुंबक : अख्ख्या पाटीवरून फिरवा. जिथे पकड अचानक ढिली पडते तिथे पुट्टीचा जाड थर आहे.

नख : हलकेच टिचकी मारा. इनॅमलवर कपबशीसारखा स्वच्छ आवाज येतो, पुट्टीवर "थप" असा बसका.

जांभळा टॉर्च : अंधाऱ्या खोलीत लावा. नंतर मारलेला रंग मूळ इनॅमलपेक्षा वेगळा दिसतो, कधी जास्त उजळ, कधी काळपट धब्बा.

बोट : अक्षराची कड एका ठिकाणी लागते आणि पुढे अचानक सपाट होते का, ते पाहा.

दुरुस्त केलेली पाटी मुळीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. विकणाऱ्याने सांगून विकली आणि भाव त्याप्रमाणे लावला तर घ्या. पण माझ्या भिंतीसाठी मी उडालेला टवका पसंत करेन, रंगवलेला नाही. टवक्याभोवतीचं सगळं मूळ असतं. एकदा रंग मारला की मूळ कुठे संपतं हे सांगता येत नाही, आणि तो काढताना आणखी थोडं मूळ जातं.

६. नवी पाटी जुनी करून विकतात, त्यापासून सावध

जुन्या नावांच्या नव्या पाट्या आपल्याच देशात बनतात. सजावटीसाठी त्यात काही वाईट नाही. जुनी म्हणून विकली की वाईट. पारखायच्या खुणा अशा :

अस्सल इनॅमलच्या पाटीत भोकं भाजण्याआधी पाडलेली असतात, म्हणून जिथे टवका उडालेला नाही तिथे इनॅमल भोकाच्या कडेवरून आत वळलेलं दिसतं. भोक नंतर ड्रिलने पाडलं असेल तर आतली कड कोरी धातूची दिसते. एखाद्या खऱ्या पाटीला दुकानदाराने नंतर जादा भोक पाडलेलं असू शकतं, पण सगळीच भोकं तशी असतील तर पाटी ठेवून द्या.

टवके सगळीकडे एकसारखे, गोल, हातोडीने नेमून मारल्यासारखे असतील, गंज नारिंगी आणि ताजा असेल, पत्रा हाताला फार हलका लागत असेल, तर घाई करू नका. खरी पाटी एका बाजूने जास्त झिजते, कारण पाऊस आणि ऊन एका बाजूनेच येतात.

आणि एकच पाटी दोन दुकानांत, त्याच जागी त्याच टवक्यांसह दिसली तर निकाल लागलाच.

७. पत्त्यावरून वय काढा

कंडिशनचा विचार वयाशिवाय अपुरा राहतो. सत्तर वर्षांच्या पाटीचा गंज आणि पंचवीस वर्षांच्या पाटीचा गंज एका मापाने मोजायचा नाही. इथे आपल्या नागपूरकरांना एक खास सोय आहे, कारण आपल्या शहराचा पत्ता वारंवार बदलला.

पाटीवर नागपूरच्या पत्त्यापुढे "सी. पी." (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) किंवा "सी. पी. अँड बेरार" असेल तर ती १९५० च्या आधीची. "नागपूर, मध्य प्रदेश" किंवा "एम. पी." असेल तर १९५० ते १९५६ या थोड्याशा वर्षांतली, जेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मध्य प्रदेशातल्या नागपूरची पाटी हाती लागली तर कंडिशनबाबत मन मोठं करा.

इतर खुणा : किंमत आण्यांत असेल तर पाटी बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. "नये पैसे" असं लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानची. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, त्यामुळे तो दिसला की पाटी त्यानंतरचीच. बर्मा-शेल या तेल कंपनीचं नाव १९७६ च्या राष्ट्रीयीकरणानंतर मागे पडलं आणि भारत पेट्रोलियम आलं.

८. दुर्मिळता आणि कंडिशन यांचा मेळ घाला

देशभर हजारो दुकानांवर लागलेल्या मोठ्या कंपन्यांच्या पाट्या पुन्हा मिळतात. त्यांच्या बाबतीत चोखंदळ राहा, चांगली मिळेपर्यंत थांबा.

स्थानिक पाटीचं गणित वेगळं आहे. इथल्या विडी कारखान्याची, इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाची, बर्डीवरच्या एखाद्या बंद पडलेल्या थिएटरची किंवा इथल्या कापडाची पाटी मिळाली तर दुसरी मिळेल याची खात्री नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल या शहराने कितीतरी पिढ्या पाहिली. आज मिल नाही, तिच्या कापडाची एखादी पाटी पुढे आली तर मी गंजाकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. अर्धी अक्षरं वाचता येत असली तरी घ्या. ती शहराची आठवण आहे आणि भंगाराच्या भट्टीत गेली की कायमची गेली.

सुरुवातीला दहा मध्यम पाट्यांपेक्षा एक चांगली घ्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मोठ्या कंपन्यांच्या पाट्यांपुरता तो बरोबर आहे. स्थानिक पाट्यांना तो लावू नका.

९. व्यवहार आणि कागद

भाव बोलताना प्रत्येक दोष बोटाने दाखवा, पण माल पाडून बोलू नका. कबाडी आणि जुन्या सामानाचे दुकानदार लक्षात ठेवतात, आणि पुढची पाटी निघाली की फोन कोणाला करायचा हे तेच ठरवतात. इतवारीच्या ओळींतले (बाजारगल्ल्यांतले) जुने दुकानदार तर पाटी कुठून आली, कधी लावली, हे चहाच्या कपावर सांगतात. ते ऐकून लगेच लिहून ठेवा.

सोबत ठेवायचे कागद :

- बिल, दुकानात बिल नसेल तर कोऱ्या कागदावर तारीख, रक्कम, विकणाऱ्याचं नाव आणि सही
- पाटी मूळ कुठे लागली होती, याची एक-दोन ओळींची नोंद
- घेतली त्या दिवशीचे पुढचे-मागचे फोटो आणि माप
- दुरुस्ती केलेली असेल तर तसा स्पष्ट उल्लेख

रेल्वेच्या पाट्यांबाबत विशेष काळजी घ्या. नागपूर रेल्वेचं मोठं जंक्शन आहे आणि इथे त्या हमखास समोर येतात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. लिलावाचा कागद नसेल तर कितीही सुंदर असली तरी सोडा. बंद दुकानावर अजून लटकलेली पाटीही मालकाला विचारल्याशिवाय काढायची नाही.

शंभर वर्षं ओलांडलेली, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला जुनी पाटी पाठवायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या.

१०. घरी नेणं आणि पुसणं

इनॅमलची पाटी वाकली की काच उडते. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, चादरीत गुंडाळा, सुतळी पुठ्ठ्यावरून बांधा, पाटीच्या कडेवरून कधीच नको. दुचाकीवर मागच्याने हातात धरून नेऊ नका, ऑटो करा. आलेला पोचा ठोकून सरळ करायचा मोह आवरा.

पुसायला कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं पुरतं. दिवाळीच्या सफेदीचे चुन्याचे थेंब असतील तर ओलं फडकं वर ठेवून भिजू द्या, मग नखाने किंवा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने काढा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड यांतलं काहीही लावू नका. आम्लाने काचेची झिलई मरते आणि ती परत येत नाही. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडरही दूर ठेवा. छापील पत्रा पाण्यात भिजवू नका, आधी कोपऱ्यात ओल्या कापसाने पाहा. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा. पेंटरने रंगवलेल्या पाटीवर मऊ ब्रशने फक्त धूळ झटका.

उघड्या पडलेल्या लोखंडावर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जादा तेल पुसून घ्या.

११. कुठे टांगायची

नागपूरचा कोरडा उन्हाळा पत्र्याला तसा मानवतो. गंज वाढवतो तो पावसाळा आणि, बहुतेकांच्या लक्षात न येणारा, कूलर. मार्च ते जून खोलीत दिवसरात्र ओलसर हवा फिरते आणि झोताच्या समोरच्या भिंतीवरची पाटी सगळ्यात आधी गंजते. कूलरच्या रेषेतली भिंत टाळा. छापील पत्र्याची पाटी खिडकीच्या समोर नको. पश्चिमेची भिंत तापते आणि पावसात ओल धरते, तीही नको.

टांगताना स्क्रू आणि पाटी यांच्यामध्ये रबराचा किंवा चामड्याचा वायसर घाला, मागेही एक घाला म्हणजे भिंत आणि पत्रा यांत हवा खेळेल. स्क्रू हाताने बेताचाच आवळा. पाटी किंचित हलली तरी चालते. नवीन भोक कधीच पाडू नका. मूळ भोकं खराब असतील तर खालून लाकडी पट्टीचा आधार द्या.

मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास पाटी खाली उतरवून मागून पाहा, पहिल्या दिवसाच्या फोटोशी ताडून बघा. टवक्याभोवतीची कड उचललेली दिसली तर जागा बदला आणि तेलाचा हात पुन्हा द्या.